आहेरबाईंची लेबलं

आहेरबाई चष्म्याच्या वरून बघायला लागल्या की आपलं काहीतरी उघडं पडलंय असं समोरच्याला वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते पडलेलं असायचंच. मूर्खांना त्या सोडून द्यायच्या. "मूर्खपणा हा आजार नाही, प्रकृती आहे," म्हणायच्या. त्यांची खरी तुच्छता राखून ठेवलेली होती ती ज्याला सगळं कळतं आणि तरी कळत नसल्याचं सोंग घेतो त्याच्यासाठी. आमच्या कॉलेजात अशा माणसांची कधी टंचाई नव्हती. मी त्यांच्यातलाच एक. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणाला नावं ठेवली तर मलाही त्याच रांगेत उभं करून वाचता येईल.

गंगापूर रोड धरून शहराबाहेर पडलं की द्राक्षांच्या बागा लागतात, तिथे आमचं कॉलेज. संस्था एका मठाची. नाव सांगत नाही. सांगितलं तर भावना दुखावतात, आणि आमच्याकडे भावना हा एकच अवयव असा आहे की तो दुखला तर पोलिसांत जाता येतं. मठाचे महाराज हेच संस्थेचे अध्यक्ष. आमचे प्राचार्य त्यांच्यासमोर खुर्चीत बसत नसत, खुर्चीच्या कडेला नुसते टेकत. दोन विषयांत डॉक्टरेट केलेला माणूस असा अर्धा खुर्चीवर आणि अर्धा हवेत पाहिला की मला त्यांच्या गुडघ्यांची दया यायची. बाकी कशाची यायची नाही.

बाई सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. मी आधी त्यांचा विद्यार्थी, मग तासिका तत्त्वावर त्यांच्याच हाताखाली शिकवणारा. बाईंचं माहेर सटाण्याकडचं. वर्गात शुद्ध, छापील मराठी. पण राग आला की अहिराणी बाहेर यायची, आणि आवाज असा की लासलगावच्या कांद्याच्या लिलावात सहज चालला असता. त्यांना मॅडम म्हटलेलं खपत नसे. "मॅडम साडीच्या दुकानात म्हणतात. मी शिकवते. बाई म्हणा." त्यामुळे सगळे बाईच म्हणायचे, अगदी प्राचार्यसुद्धा.

त्यांच्या पर्समध्ये काय असायचं? पांढऱ्या चिकट लेबलांचा एक गठ्ठा आणि बारीक टोकाचं काळं पेन. बाटली, परीक्षानळी, बशी, काही असो, लेबल लावल्याशिवाय ते बाईंच्या प्रयोगशाळेत टेबलावर टेकत नसे. काय आहे, कुठून घेतलं, कधी घेतलं, कुणी घेतलं, आणि खाली सही. घरीही तेच. त्यांच्या स्वयंपाकघरात काळ्या मसाल्याच्या बरणीवर तारीख असायची आणि खाली त्यांची स्वतःची सही. मी एकदा हसलो, तर म्हणाल्या, "अरे जाधव, डब्यात काय आहे हे डबा सांगत नाही. लेबल सांगतं. लेबल खोटं असेल तर आत अमृत असलं काय आणि विष असलं काय!"

पहिल्या वर्षाला असताना मी लेबल न लावलेली नळी त्यांच्यापुढे धरली होती. त्यांनी ती घेतली, उजेडात बघितली, फिनाईलच्या भांड्यात बुडवली आणि म्हणाल्या, "पुढचा." तीन दिवसांची माझी मेहनत. मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडलो होतो. त्यानंतर मी आयुष्यात लेबल लावायला विसरलो नाही. खोटं लावलं, पण विसरलो नाही.

दुसरी त्यांची खोड म्हणजे उकळी. कँटीनवाल्याच्या पातेल्यापाशी उभ्या राहायच्या आणि चहा नाचायला लागेपर्यंत हलायच्या नाहीत. "बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे रे. पाण्याला रडवायचं." इगतपुरीला आम्ही ओढ्यांचं पाणी तपासायला गेलो तेव्हा कोसळत्या पावसात त्यांनी स्टोव्हवर छत्री धरून अर्धा तास पाणी उकळवलं होतं. सगळी मुलं चिंब, आणि बाई त्या पातेल्याकडे अशा बघतायत की जणू नातू रांगतोय.

नवीन प्रयोगशाळेचं उद्घाटन महाराजांच्या हस्ते झालं. नव्या सूक्ष्मदर्शकांना हळदकुंकू लावण्यात आलं, तेही कुणीतरी भक्तिभावानं थेट भिंगाला. आमचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे निर्जंतुक करायचा मोठा कुकर, त्यावर नारळ फोडायचं ठरलं होतं. बाई पुढे झाल्या आणि त्यांनी कुकरवर हात ठेवला. "फरशीवर फोडा. झाकण वाकलं तर वाफ धरणार नाही." नारळ फरशीवर फुटला. महाराजांचं भाषण सुरू झालं, आणि बाई मागच्या टेबलाशी उभ्या राहून एकेका भिंगावरचं कुंकू पुसू लागल्या. महाराज म्हणाले, हे जंतूबिंतू पाश्चात्त्यांनी आत्ता शोधले, आपल्या ऋषींना हे केव्हाच ठाऊक होतं. टाळ्या पडल्या. त्या ओसरायच्या आत मागून आवाज आला, "मग पटकीनं गावंच्या गावं गेली तेव्हा पाणी उकळून प्या एवढं सांगायला काय झालं होतं त्यांना?"

महाराज हसले. त्यांचं हसू फार तयारीचं होतं. "माई थट्टा करतात," म्हणाले. बाईंच्या डोळ्यांत थट्टा कुठेच नव्हती. त्या भिंग पुसत होत्या.

दरवर्षी शेवटच्या तासाला बाई एक गोष्ट सांगायच्या. दुर्बिणीतून आकाश बघणाऱ्या एका म्हाताऱ्याची, ज्याला धर्मगुरूंनी गुडघ्यावर बसवून पृथ्वी फिरत नाही असं लिहून घेतलं. पोरं चिडायची, म्हणायची, त्यानं लिहून द्यायला नको होतं. बाई म्हणायच्या, "त्याच्यावर कसाले चिडता? म्हातारा होता, एकटा होता, पुढे तुरुंग होता. धर्मगुरूंवरही मी फार चिडत नाही, त्यांचा धंदाच तो. पण त्या खोलीत आणखी माणसं होती. शिकलेली. गणित येणारी. त्यांतल्या कुणीतरी कागद पुढे केला असेल, कुणीतरी शाई दिली असेल. त्या शाई देणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक आहे?" पोरं एकमेकांकडे बघायची. "म्हणूनच ते फावतं त्यांना," बाई म्हणायच्या आणि फळा पुसायच्या. मी ही गोष्ट विद्यार्थी म्हणून एकदा आणि शिक्षक म्हणून सहा वेळा ऐकली.

आता पाण्याचं सांगतो.

मुलींचं हॉस्टेल मठाच्या आवारात. तिथे एक जुनी बारव आहे, पायऱ्या उतरून जायची दगडी विहीर. तिचं पाणी म्हणजे तीर्थ. देवाचं अभिषेकाचं पाणी, दूध, बेलफूल सगळं पाटानं तिच्यातच जातं. बारवेच्या मागे तीसेक पावलांवर मठानं नवं भक्तनिवास बांधलं, आणि त्याची मैल्याची टाकी कुठे असावी हे ज्यानं ठरवलं त्याला ऋषींनी काही सांगितलेलं नसावं. एका गुरुपौर्णिमेला महाराज प्रवचनात म्हणाले की ज्या आवारात तीर्थ आहे तिथे पाणी शुद्ध करायचं यंत्र लावणं हा तीर्थाचा अपमान. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलमधलं यंत्र निघालं. मुलींना आंघोळीला महापालिकेचं औषध टाकलेलं पाणी आणि प्यायला बारवेचं तीर्थ, अशी व्यवस्था झाली. स्टाफरूममधलं यंत्र मात्र राहिलं. प्राध्यापकांच्या पापांना तीर्थ पुरणार नाही अशी बहुधा महाराजांची खात्री असावी.

डिसेंबरात हिरा गावित सूक्ष्मदर्शकावर वाकलेली असताना बाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा वर केला. सुरगाण्याकडची मुलगी, घरातून कॉलेजात आलेली पहिली. डोळे हळदीसारखे.

"केव्हापासून?"

"आठ दिस झाले बाई. आमच्या खोलीत तिघी हायेत अशा."

"पाणी कुठलं पितेस?"

"तीर्थच. पियाला दुसरं नाय."

तिचा बाप तिला न्यायला आला. डोक्याला फडकं बांधलेला, हडकुळा माणूस. बाईंना म्हणाला, "आमी झऱ्याचं पितो, काय व्हत नाय. हितं शिकाया धाडली न् ही अशी पिवळी झाली." बाई दोघांना सोडायला निघाल्या. एस.टी. सुटेपर्यंत त्या स्टँडवर उभ्या होत्या आणि खिडकीतून हिराला सांगत होत्या, "परत यायचं. ऐकलंस? परत यायचं."

त्याच दुपारी त्यांनी बारवेतून पाणी आणलं. आमची चाचणी साधी असते. जांभळ्या द्रावणाच्या नळ्यांत पाणी घालून त्या उबेत ठेवायच्या. जंतू असले तर द्रावण पिवळं पडतं, आणि आतल्या छोट्या उलट्या नळीत बुडबुडा धरतो. दोन दिवसांनी सगळ्या नळ्या पिवळ्या, एकूण एक. पुढच्या चाचण्यांत तर शंकाच उरली नाही. बाईंनी अहवाल लिहिला, "या पाण्यात माणसाच्या विष्ठेतले जंतू आहेत. ते पिऊ नये." खाली सही, आणि सूचनाफलकावर लावला. तासाभरात शिपायानं तो काढला. बाईंनी दुसरा लावला. तोही गेला. तिसरा त्यांनी मठाच्या दारात जाऊन बारवेच्या कमानीवर चिकटवला.

मग बैठक. मी बाईंच्या मागे नोंदी करायला बसलो होतो. महाराज शांत. "माई, तीर्थाची परीक्षा घ्यायची नसते. आपण कधी आईला तपासतो का?"

"आईला ताप आला की तपासतो," बाई म्हणाल्या. "नाही तपासली तर मरते ती."

प्राचार्यांच्या खुर्चीची कड करकरली. विश्वस्तांपैकी एक डॉक्टर होते, चांगलं मोठं हॉस्पिटल असलेले. ते मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत होते. शेवटी ठरलं ते असं की चाचणी पुन्हा व्हावी, पण नमुना मठाच्या माणसानं आणून द्यावा. बाईंच्या हातून घेताना "विटाळ" झाला असण्याची शक्यता होती. हा शब्द कुणी उच्चारला नाही. तो सगळ्यांच्या तोंडावर होता.

जानेवारीतली सकाळ. नाशिकची थंडी, रस्त्याकडेला माणसं शेकोट्या करून बसली होती. कचरूबाबा, मठाचे म्हातारे सेवेकरी, तांब्याचा कलश लाल फडक्यात गुंडाळून घेऊन आले. प्रयोगशाळेत प्राचार्य हजर, दोन विश्वस्त हजर, मी हजर. बाईंनी कलश घ्यायला हात पुढे केले.

"जरा बेतानं धरा बाई," कचरूबाबा काळजीनं म्हणाले, "लय गरम हाय. महाराज म्हनले, आज चांगलं खळखळा उकळून ने."

कचरूबाबांना आपलं काही चुकलंय हे कळलंच नाही. सांगितलेलं काम मनापासून करून आलेला माणूस जसा उभा राहतो तसे ते उभे होते. बाईंनी फडकं सोडलं. वाफ आली. त्यांनी तापमापक बुडवला, वाचला, आणि पर्समधून लेबल काढलं.

"बाबा, तुम्ही एकटेच खरं बोलणारे निघालात," त्या म्हणाल्या. मग चष्म्याच्या वरून बाकीच्यांकडे वळल्या. "म्हणजे उकळलं की जंतू मरतात, हे महाराजांना पक्कं ठाऊक आहे. मग पोरींना का नाही उकळून देत? कागदासाठी उकळता येतं, पोरींसाठी उकळलं की अपमान होतो? हाई काय शे?"

"वाटेत उन्हानं तापलं असेल," प्राचार्य म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघितलं. धुकं होतं.

नळ्या दोन दिवस उबेत राहिल्या आणि सगळ्या जांभळ्याच राहिल्या. बाईंनी लेबलावर लिहिलं होतं, "उकळलेलं पाणी." संस्थेला हवं होतं, "बारवेचं तीर्थ." बाईंनी सही केली नाही. मग प्राचार्यांनी मला बोलावलं. मला धमकी कुणी दिली नाही, हे नीट लिहून ठेवतो. चहा दिला. माझ्या कायम नेमणुकीची फाईल टेबलावर होती, नुसती होती. "बारवेचं तीर्थ" असं लिहिलेला तयार अहवाल पुढे सरकवत प्राचार्य म्हणाले, "जाधव, अहवालात एक तरी शब्द खोटा आहे का दाखवा. नमुन्यात जंतू आढळले नाहीत. आढळले का?"

नव्हते आढळले. मी सही केली. त्या दुर्बिणवाल्या म्हाताऱ्यापुढे निदान तुरुंग होता. माझ्यापुढे चहा होता, त्यालाही नीट उकळी आलेली नव्हती.

बाईंकडून माफीपत्र मागितलं गेलं. त्यांनी लगेच दिलं. एकच वाक्य होतं: "हे पाणी यंत्र काढलं त्याच आठवड्यात तपासायला हवं होतं, ते मी उशिरा तपासलं, याबद्दल मुलींची माफी मागते." त्यांना निवृत्तीपर्यंत सक्तीच्या रजेवर पाठवलं. निरोप समारंभ झाला नाही. प्रयोगशाळेतून जाताना त्यांनी फक्त लेबलांचा गठ्ठा उचलला. माझ्याकडे नुसत्या चष्म्याच्या वरून एकदा बघून गेल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आणि माझा अहवाल? तो चौकट करून बारवेच्या कमानीवर लावला. ज्या तीर्थाची परीक्षा घ्यायची नसते, त्याच्या डोक्यावर आता "प्रयोगशाळेत तपासलेले" अशी पाटी आहे, आणि खाली माझं नाव, पदवीसकट. भाविक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. विज्ञान खोटं म्हणणाऱ्यांना विज्ञानाची सही मात्र फार लागते. देणारे आम्ही आहोतच.

पुढच्या जूनमध्ये मी विभागप्रमुख झालो. तेव्हा कानावर आलं की आहेरबाई रोज सकाळी हॉस्टेलच्या मागच्या फाटकापाशी येतात. मी आधी ती वाट टाळली. मग एक दिवस नाही टाळली. का, ते मला सांगता येत नाही. हातात रिकामी बाटली होती, तीही का घेतली सांगता येत नाही.

बाईंची जुनी स्कूटर उभी होती. पायाशी दोन मोठे स्टीलचे कॅन, तोंडाला स्वच्छ फडकी. पहाटे उठून घरी दोन पातेली पाणी रडवायचं, निववायचं आणि इथे आणायचं. रेक्टरनं बाहेरचं पाणी आत आणायला बंदी केली होती, म्हणून मुली भरलेल्या बाटल्या दप्तरात लपवून आत नेत. एका बाजूला हिरा गावित कॅन तिरका करत होती. परत आली होती पोरगी. डोळे पांढरेशुभ्र. आवाज चांगला चढलेला, "ए, रांगेत या गं!" आणि बाई? बाई भरलेल्या प्रत्येक बाटलीवर लेबल लावत होत्या. पाणी, उकळलेलं, आजची तारीख, आणि खाली घेणाऱ्या मुलीची सही. एक नवीन मुलगी पाया पडायला वाकली तर बाईंनी पाय मागे घेतला. "देव समजू नको. घरी गेलीस की स्वतः उकळ."

मी रांगेच्या शेवटी उभा राहिलो. हिरानं मला ओळखलं आणि मान दुसरीकडे फिरवली. माझी पाळी आली. बाईंनी वर बघितलं. हाकलतील, असं वाटलं. हाकलावं, असंही वाटलं. त्यांनी बाटली घेतली, काठोकाठ भरली, झाकण लावलं. मग गठ्ठ्यातून एक लेबल काढलं, बारीक अक्षरात सगळं लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

माझा हात पुढे होईना.

"कसाले घाबरस?" आहेरबाई म्हणाल्या. "कर सही. या बाटलीत लिहिलंय तेच आहे."